मूळ संहितेची बखर

सरकारी कचेरींत द्यावयाचा अर्ज, गृहनिर्माण संस्थेच्या सभेचें इतिवृत्त, मुलाचा शाळेंतील निबंध, लग्नाच्या आमंत्रणाचा मजकूर, हें सारें लेखन आतां संगणकावर होतें, यांत कोणास नवल वाटत नाहीं. या लेखनासाठीं जीं साधनें वापरांत आहेत, त्यांपैकीं एकाचें नांव लिब्रेऑफिस. तें विनामूल्य मिळतें, आणि त्याच्या पडद्यावरील सूचना मराठींतही वाचतां येतात. हें साधन सुरू असतांना संगणकावर त्या क्षणीं कोणकोणतीं कामें चाललीं आहेत, याची तपशीलवार यादी जर कोणीं उघडून पाहिली, तर तेथें 'सॉफिस' असें एक चमत्कारिक नांव आढळतें. 'ऑफिस' या शब्दाला आरंभीं चिकटलेला हा 'एस' आला कोठून?

तो आला 'स्टार' या शब्दापासून. जर्मनींतील स्टार डिव्हिजन नांवाच्या कंपनीच्या 'स्टारऑफिस' या संचाचें तें आद्याक्षर होय. ती कंपनी १९९९ सालीं विकली गेली. जिनें ती विकत घेतली ती कंपनीही २०१० सालीं विकली गेली. मालक बदलले, दारावरची पाटी बदलली, परंतु उंबरठ्यावर कोरलेलें पहिल्या धन्याचें अक्षर मात्र तसेंच राहिलें. हें कसें झालें, आणि मालकामागून मालक गेले तरी घर कसें उभें राहिलें, हें आज पाहावयाचें आहे. त्यासाठीं आपणांस या साधनाच्या मूळ फायलींत डोकावलें पाहिजे.

प्रथम मूळ फायली म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकाच्या प्रत्येक आज्ञावलीचीं दोन रूपें असतात. एक मनुष्यानें लिहिलेलें व मनुष्यास वाचतां येणारें. दुसरें त्यावरून सिद्ध केलेलें व यंत्रासच उमगणारें. पहिल्यास आपण मूळ संहिता म्हणूं. ती साध्या अक्षरांत, ओळीमागून ओळ, अशी फायलींत लिहिलेली असते. मधून मधून लेखकानें स्वतःच्या आणि पुढील वाचकाच्या सोयीसाठीं टिपा लिहून ठेवलेल्या असतात. त्या टिपांकडे यंत्र ढुंकूनही पाहत नाहीं. या संहितेचें यंत्रभाषेंत रूपांतर झालें, कीं टिपा गळून पडतात, लेखकानें योजलेलीं नांवें बहुतेक लोपतात, आणि शिल्लक राहते ती अंकांची एक प्रचंड रास. बाजारांतून आपण जी आज्ञावली आणतों, ती बहुधा ही रासच असते.

पुरणपोळी ताटांत पडली म्हणजे तिची चव कळते. परंतु डाळ किती शिजविली, कणीक किती वेळ मुरूं दिली, जायफळ केव्हां घातलें, हें पोळीकडे नुसतें पाहून कोणास सांगतां यावयाचें नाहीं. तें ज्या सुगरणीस ठाऊक, तिच्याच दारीं पुढच्या सणाला जावें लागतें. आणि ती कोणास न सांगतां गेली, तर तो स्वाद तिच्याबरोबर जातो. आज्ञावलीचेंही तसेंच आहे. मूळ संहिता ज्याच्या पेटींत, त्याच्या मुठींत तिचें आयुष्य. त्यानें धंदा बंद केला, कीं त्या आज्ञावलींत पुढें सुधारणा होणें खुंटतें, आणि नवे संगणक आले म्हणजे ती हळूहळू निरुपयोगी होते. लिब्रेऑफिसच्या बाबतींत हें घडलें नाहीं. कां घडलें नाहीं, हाच या कथेचा गाभा आहे.

कथेचा आरंभ १९८५ च्या सुमारास उत्तर जर्मनींतील ल्यूनेबुर्ग या जुन्या गांवीं होतो. विशीही न गांठलेल्या मार्को ब्योरीस नांवाच्या एका तरुणानें 'स्टाररायटर' ही लेखनाची आज्ञावली तयार केली. झायलॉग कंपनीच्या झेड-८० या चिमुकल्या प्रक्रियकावर चालणाऱ्या संगणकांसाठीं ती होती. पुढें त्याच्या स्टार डिव्हिजन कंपनीचें ठाणें हँबुर्ग येथें गेलें. स्टाररायटरच्या जोडीला आकडेमोडीसाठीं स्टारकॅल्क आली, चित्रांसाठीं स्टारड्रॉ आली, आणि या भावंडांचें मिळून स्टारऑफिस हें कुटुंब झालें. १९९० च्या दशकांत या कंपनीनें आपला संच विंडोज, ओएस-टू, युनिक्स अशा परस्परांशीं न पटणाऱ्या अनेक प्रणालींवर चालविला. या एका निर्णयाचा ठसा मूळ फायलींवर किती खोल उमटला आहे, तें पुढें येईल. तूर्त एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं हे सारे लेखक हँबुर्गचे, त्यांच्यापुढें जगाला संहिता दाखविण्याचा विचार नव्हता, आणि म्हणून त्यांनीं आपल्या टिपा आपल्या मायबोलींत, म्हणजे जर्मन भाषेंत लिहिल्या. पुण्याच्या कारकुनानें दप्तराच्या समासांत मराठींत शेरा मारावा, इतकी ती स्वाभाविक गोष्ट होती.

ऑगस्ट १९९९ मध्यें कॅलिफोर्नियांतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें स्टार डिव्हिजन ७ कोटी ३५ लक्ष डॉलरांस विकत घेतली. या खरेदीचें जें कारण सनचे एक अधिकारी सायमन फिप्स यांनीं पुढें सांगितलें, तें मोठें मासलेवाईक आहे. सनच्या पदरीं त्या वेळीं सुमारें ४२,००० माणसें होतीं. तितक्या सर्वांसाठीं मायक्रोसॉफ्टच्या संचाचे परवाने घेण्यापेक्षां असा संच बनविणारी सबंध कंपनीच घेणें स्वस्त पडलें! दुधाचा रतीब परवडेना म्हणून गोठाच विकत घ्यावा, तशांतला हा प्रकार.

परंतु सननें त्यानंतर जें केलें, तें केवळ काटकसरीचें नव्हतें. १९ जुलै २००० रोजीं तिनें जाहीर केलें, कीं स्टारऑफिसची मूळ संहिता आपण जगास खुली करणार आहों; आणि १३ ऑक्टोबर २००० रोजीं ती खुली झालीही. 'ओपनऑफिस' या नांवावर दुसऱ्याचा हक्क असल्यामुळें या प्रकल्पास 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' असें लांबलचक नांव घ्यावें लागलें. नांवापेक्षां महत्त्वाचा होता तो संहितेसोबत दिलेला परवाना. कोणींही ही संहिता वाचावी, तींत बदल करावा, बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावी. मात्र जो बदललेली प्रत वाटील, त्यानें त्या संहितेंतील आपले बदलही तसेच खुले ठेवावे, असा त्याचा मथितार्थ. हें दान एकदां दिलें म्हणजे परत घेतां येत नाहीं. त्या दिवशीं या कलमाचें मोल फार थोड्यांना कळलें असेल. दहा वर्षांनीं तें सर्वांना कळलें.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें क्षणभर थांबावें असें एक स्थळ आहे. अशा प्रकल्पांत फायलींसोबत एक रोजनिशी चालते. कोणत्या दिवशीं, कोणीं, कोणती ओळ, कोणत्या कारणानें बदलली, याची नोंद तींत आपोआप होते. आज लिब्रेऑफिसच्या रोजनिशींत मागें मागें जात राहिलें, तर आपण १८ सप्टेंबर २००० या तारखेस येऊन थडकतों. त्या दिवसाच्या नोंदींत फायलींचे ढीगच्या ढीग एकदम दाखल झालेले दिसतात, आणि कारणाच्या जागीं 'आरंभींची आयात' अशा अर्थाचे दोनच शब्द आढळतात. त्यापलीकडे भिंत आहे. पंधरा वर्षांचें लेखन, कित्येक दशलक्ष ओळी, किती हातांचे श्रम, किती चुका, किती रात्रींचीं जागरणें, हें सारें त्या दोन शब्दांमागें गडप झालें आहे. कुळाची वंशावळ चाळतां चाळतां एकदम 'मूळ पुरुष' असें लिहिलेलें सांपडावें आणि त्यापूर्वीं कोण होतें, तें कळूं नये, तसें होतें.

पण जेथें रोजनिशी गप्प बसते, तेथें फायली बोलतात. जुन्या वाड्याच्या पायथ्याचे दगड जसे त्याचें वय सांगतात, तशीं या संहितेच्या कप्प्यांचीं नांवें तिचें कुळ सांगतात. लेखनाच्या भागाचा कप्पा 'एसडब्ल्यू' या दोन अक्षरांचा, म्हणजे स्टाररायटर. आकडेमोडीचा 'एससी', म्हणजे स्टारकॅल्क. चित्रांचा व सादरीकरणाचा 'एसडी', म्हणजे स्टारड्रॉ. गणिताचीं सूत्रें मांडणाऱ्या भागाचें नांव तर अजूनही सबंध 'स्टारमॅथ' असेंच आहे. आंत फायलींची नांवें 'सीएक्सएक्स' आणि 'एचएक्सएक्स' या शेपट्यांनीं संपतात. सी-प्लस-प्लस भाषेंतील फायलींस जगांत इतरत्र बहुधा 'सीपीपी' आणि 'एच' अशा शेपट्या लावतात. तो या घराण्याचा कुळाचार आहे, आणि नव्यानें येणारा मनुष्यही तो निमूटपणें पाळतो.

या कप्प्यांपैकीं दोन विशेष लक्षांत घेण्यासारखे आहेत. एकाचें नांव 'सॅल' आणि दुसऱ्याचें 'व्हीसीएल'. पहिला कप्पा निरनिराळ्या प्रणालींतील भेद झांकून टाकतो, म्हणजे वरच्या मजल्यावरील आज्ञांना आपण विंडोजवर आहों कीं लिनक्सवर, याची विवंचना राहत नाहीं. दुसरा पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे खिडक्या, बटणें व अक्षरें यांचा कारभार पाहतो. हँबुर्गच्या त्या मंडळींना अनेक प्रणालींवर धंदा करावयाचा होता, म्हणून त्यांनीं पायाच असा घातला. आणि त्यामुळेंच पुढें हें साधन मॅक व लिनक्स यांवर जगूं शकलें.

मराठी माणसाचा संबंध या 'व्हीसीएल' कप्प्याशीं रोज येतो, जरी त्याला तें ठाऊक नसलें. 'कि' हें अक्षर घ्या. संगणकाच्या स्मृतींत आधीं 'क' असतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. परंतु पडद्यावर वेलांटी आधीं काढावी लागते. जोडाक्षरें, रफार, उकार यांच्या तऱ्हा वेगळ्याच. हीं अक्षरें जुळविण्याचें काम एके काळीं प्रत्येक प्रणालीवर निरनिराळ्या यंत्रणेकडे असे, त्यामुळें एकच मजकूर दोन संगणकांवर दोन तऱ्हांनीं मांडला जाण्याचा संभव असे. २०१७ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ५.३ या आवृत्तीपासून हें काम सर्व प्रणालींवर 'हार्फबझ' नांवाच्या एकाच खुल्या संग्रहाकडे सोंपविण्यांत आलें. आपल्या वेलांटीचें स्थान असें कोठल्या तरी फायलींतील कांहीं ओळींवर अवलंबून असतें. त्या ओळी वाचावयास व दुरुस्त करावयास मोकळ्या असाव्या कीं नसाव्या, हा प्रश्न आपल्यालाही परका नाहीं.

आतां पुनः कथेकडे वळूं. २००० ते २०१० या दहा वर्षांत ओपनऑफिसची कीर्ति वाढली. १ मे २००२ रोजीं पहिली पक्की आवृत्ति निघाली, आणि या प्रकल्पाच्याच दस्तऐवज-रचनेंतून वाढलेल्या 'ओडीएफ' या प्रमाण-रचनेस २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. परंतु घरांत धुसफूस होती. संहिता खुली असली तरी दाराची किल्ली सनपाशींच होती. बाहेरच्या कोणास आपलें काम मुख्य संहितेंत घालावयाचें, तर त्यावरील लेखनहक्कांत सनला वांटेकरी करून घेणारा करार आधीं करावा लागे. आणि तो करूनही काम स्वीकारलें जाईल, याची शाश्वति नसे. पुष्कळांनीं दुरुस्त्या करून ठेवल्या, पण त्या दाराबाहेर सांचत राहिल्या. अखेर अशा दुरुस्त्यांचा एक स्वतंत्र गठ्ठाच तयार झाला. लिनक्सच्या अनेक वितरकांनीं मूळ प्रतीला तो गठ्ठा जोडून ओपनऑफिस वाटण्यास आरंभ केला. मंदिर सर्वांचें, पण गाभाऱ्यांत पुजाऱ्याखेरीज कोणास प्रवेश नाहीं, अशी ती अवस्था होती.

२७ जानेवारी २०१० रोजीं ओरॅकल कंपनीनें सन मायक्रोसिस्टिम्स आपल्या ताब्यांत घेतली, आणि या मंडळींच्या मनांत काळजी उत्पन्न झाली. नवा धनी या विनामूल्य साधनाचें काय करील? त्यांनीं फार काळ वाट पाहिली नाहीं. २८ सप्टेंबर २०१० रोजीं प्रकल्पांतील अनेक जुन्या कार्यकर्त्यांनीं 'डॉक्युमेंट फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था जाहीर केली. ओरॅकललाही त्यांनीं सामील होण्याचें आमंत्रण दिलें आणि ओपनऑफिस हें नांव संस्थेस द्यावें, अशी विनंती केली. नांव मिळालें नाहीं. तात्पुरतें म्हणून घेतलेलें 'लिब्रेऑफिस' हें नांवच मग कायम झालें. उलट ऑक्टोबरांत, दोन्ही ठिकाणीं राहणें हितसंबंधांस बाधक आहे, असें कारण दाखवून त्या कार्यकर्त्यांना ओपनऑफिसच्या मंडळावरून दूर होण्यास सांगण्यांत आलें.

येथें त्या परवान्याचें मोल प्रकट झालें. कार्यकर्ते घर सोडून निघाले. नांव, चिन्ह, संकेतस्थळ सारें मागें राहिलें. पण मूळ फायलींची संपूर्ण प्रत ते उघडपणें बरोबर घेऊन गेले, आणि कायद्यानें त्यांना कोणी अडवूं शकलें नाहीं. २५ जानेवारी २०११ रोजीं लिब्रेऑफिसची पहिली पक्की आवृत्ति, ३.३, बाहेर पडली. संस्थेच्या रीतसर स्थापनेस लागणारें ५०,००० यूरोंचें भांडवल लोकवर्गणीनें आठ दिवसांत जमलें, आणि फेब्रुवारी २०१२ मध्यें बर्लिन येथें तिची नोंदणी झाली. सामील होणाऱ्यानें लेखनहक्क कोणास लिहून देण्याची अट या नव्या घरांत ठेवली नाहीं.

घर मिळालें, आतां साफसफाई करावयाची होती. पंधरा वर्षें एका कंपनीच्या बंद खोलींत आणि दहा वर्षें अर्ध्या उघड्या दारामागें वाढलेल्या त्या फायलींत अडगळ फार साचली होती. कोणीही न वापरीत असलेल्या आज्ञा होत्या, नामशेष झालेल्या प्रणालींसाठीं लिहिलेले परिच्छेद होते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्या हजारों जर्मन टिपा! ब्राझीलमधील विद्यार्थ्यानें किंवा भारतांतील अभियंत्यानें फाईल उघडावी, अवघड जागीं लेखकानें समजूत लिहून ठेवलेली दिसावी, आणि ती भाषाच त्याला येऊं नये. संहिता कायद्यानें खुली होती, पण वाचकाला ती अर्धी मुकी होती.

या मंडळींनीं त्यावर जो उपाय केला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. नवख्या माणसासाठीं त्यांनीं सोप्या कामांची एक यादी केली आणि जर्मन टिपांचें इंग्रजींत भाषांतर करणें हें त्या यादींत घातलें. जर्मन टिपा हुडकून काढणारी एक छोटी आज्ञावलीही तयार करून संहितेंतच ठेवून दिली. ज्याला आज्ञावली लिहितां येत नाहीं पण जर्मन येतें, असा मनुष्यही त्यामुळें उपयोगी पडूं लागला. आणि टिपेचें भाषांतर करतां करतां तो खालची संहिताही वाचूं लागला. हें काम वर्षानुवर्षें, थोडें थोडें असें चाललें. हँबुर्गमधील कोणा एका लेखकानें स्वतःसाठीं केलेली कुजबुज अशा रीतीनें जगाच्या कानीं पडली.

आपल्या वाङ्मयांत अशा कामाचा एक थोर दाखला आहे. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून त्यांनीं ग्रंथ निर्मळ केला, आणि पुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये, असें बजावलें. दोन्ही कामांचा पिंड अर्थात् भिन्न आहे. तेथें ग्रंथ पूर्ण होता आणि त्याचें पावित्र्य राखावयाचें होतें. येथें ग्रंथ कधींच पूर्ण होत नाहीं, आणि नवी ओळ घालण्याचें सर्वांस आमंत्रणच आहे. पण काळजी तीच. म्हणून येथें कोणाचीही ओळ तपासल्यावांचून मुख्य प्रतींत शिरत नाहीं, आणि शिरली तर नांव, तारीख व कारण यांसह शिरते. जुन्या नकलाकाराचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. या नकलाकारांचें आहे.

आतां दुसरी बाजू सांगितल्यावांचून ही कथा प्रामाणिक होणार नाहीं. ओरॅकलनें एप्रिल २०११ मध्यें ओपनऑफिसचा व्यापारी कारभार थांबविण्याचें जाहीर केलें आणि जूनमध्यें तें अपाची फाउंडेशन या संस्थेच्या स्वाधीन केलें. ती संस्था प्रतिष्ठित, परवाना उदार, आणि लोकांच्या परिचयाचें जुनें नांवही तिच्याचपाशीं. असें असूनही २०१४ सालीं ४.१ ही आवृत्ति निघाल्यावर पुढील दहा वर्षांत मुख्यत्वें त्याच आवृत्तीच्या दुरुस्त प्रती निघत राहिल्या. दोघांचीही मूळ संहिता एक, दोघांच्याही फायली खुल्या. एकीकडे बहर आला, दुसरीकडे पालवी विरळ झाली. याचा अर्थ असा, कीं संहिता खुली असणें हें जीवनाचें निमित्त आहे, जीवन नव्हे. विहीर सर्वांना मोकळी केली तरी गाळ उपसणारे हात लागतात. ज्या घरांत नवख्याला पहिल्याच दिवशीं झेपेल असें काम दिलें गेलें, तेथें हात वाढले.

स्टार डिव्हिजन गेली, सन गेली, ओरॅकलनें हात काढून घेतला. या तिन्ही प्रसंगीं एखाद्या बंद पेटींतील आज्ञावली बहुधा धन्याबरोबर मेली असती, आणि तिच्यांत लिहून ठेवलेले आपले कागद उघडणें वर्षांगणिक अवघड होत गेलें असतें. आपण आज जीं पत्रें, हिशेब, आठवणी, संस्थांचीं दप्तरें संगणकांत सांठवीत आहों, तीं पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांना वाचतां येतील कीं नाहीं, हें कागदाच्या टिकाऊपणावर आतां ठरत नाहीं. तीं उघडणाऱ्या साधनाची मूळ संहिता कोणाच्या पेटींत आहे आणि ती पेटी उघडी आहे कीं कुलुपांत, यावर तें पुष्कळ अंशीं ठरणार आहे. कोणतें साधन घ्यावें, हें ज्याच्या त्याच्या सोयीचें. पण घेतांना हा प्रश्न विचारावा, एवढें तरी या बखरींतून शिकण्यासारखें आहे.

या संहितेला जोडूनच भाषांतरांच्या फायलींचा एक वेगळा संग्रह आहे. त्यांत प्रत्येक भाषेस एक कप्पा आहे, आणि त्यांत 'एमआर' या दोन अक्षरांचा, म्हणजे मराठीचा कप्पाही आहे. पडद्यावर 'फाईल', 'संपादन' असे शब्द आपल्याला आपल्या लिपींत दिसतात, ते त्या कप्प्यांतून येतात. कोणीतरी बसून ते एकामागून एक लिहिले आहेत. ल्यूनेबुर्गच्या त्या मुलाला मराठी ही भाषा ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी त्यानें घातलेल्या पायावर आज आपली भाषा उभी आहे, आणि तिच्यांत एखादा शब्द चुकलेला दिसला, तर तो दुरुस्त करण्यास आपल्यापैकीं कोणासही मुभा आहे.